बिननोंदीचे छप्पर

गिरगावकर नागरिकांस कळविण्यास आम्हांस परम संतोष होत आहे की, आपल्या विभागातील सार्वजनिक इमारतींत ॲस्बेस्टॉस नावाचा पदार्थ मुळीच नाही. ह्या विधानास आधार काय, असे एखादा चिकित्सक वाचक विचारील, तर आधार निर्णायक आहे: तो आहे असे कोणी कुठे लिहून ठेवलेले नाही. ज्या राज्यव्यवस्थेत जिवंत निवृत्तिवेतनधारकाला आपण जिवंत असल्याचा दाखला दर नोव्हेंबरात सादर करावा लागतो आणि तो दाखल होईपर्यंत त्याचे जिवंतपण तहकूब समजले जाते, त्या राज्यव्यवस्थेत एखाद्या पन्हळी पत्र्याने बिनदाखल्याचे अस्तित्वात असावे, ही कल्पनाच मुळी नियमबाह्य होय. शाळेच्या मागल्या मुतारीवर, व्यायामशाळेच्या पडवीवर, चाळीच्या सामाईक संडासांवर, बाजाराच्या गाळ्यांवर जे करडे, शेवाळलेले, कडेला झिजून तंतू सुटलेले आच्छादन दृष्टीस पडते, ते सिमेंटच्या पत्र्याचे. आणि सिमेंट हे राष्ट्रउभारणीचे साधन असल्यामुळे त्याच्यावर संशय घेणे कोणाही देशप्रेमी माणसास शोभत नाही. त्या सिमेंटात साधारणतः दहावा हिस्सा एक तंतुमय खनिज कालवलेले असते, एवढी गोष्ट वगळली तर पत्रा खरोखरच सिमेंटचा असतो.

छपराविषयी इतके सूक्ष्म चिंतन करण्याची सवय आम्हांस खोताच्या वाडीने लावली. जगन्नाथ शंकरशेट मार्गावरून आत वळले की, दादोबा वामन खोत ह्या पाठारे प्रभू गृहस्थाच्या नावाने ओळखली जाणारी ही वसाहत लागते. तिच्यातील जागा पुढे ईस्ट इंडियन कुटुंबांनी घेतल्या व त्यांवर लाकडी कठड्यांची, बाहेरून जिने असलेली, मंगलोरी कौलांची टुमदार घरे बांधली. एके काळी पासष्ट असलेली ही घरे आता तिशीच्याही आत आली आहेत, आणि जी उरली त्यांच्याकडे पाहण्यास रविवारी सकाळी कॅमेरे गळ्यात घालून इतकी मंडळी येतात की, वाडीतील रहिवाशास स्वतःच्या ओसरीवर बसण्यापूर्वी कोणाच्या चौकटीत आपण येत नाही ना, हे पाहावे लागते. ह्या छायाचित्रांत कौले येतात, निळा जिना येतो, वेताच्या खुर्चीवरची मांजर येते. मागच्या मोरीवर घातलेला करडा पत्रा तेवढा येत नाही, कारण सौंदर्यदृष्टी असलेला मनुष्य कोठे उभे राहावे हे जाणतो.

पत्रा आला कसा, हे मात्र आम्ही त्या पत्र्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. कौलांचे छप्पर दर वैशाखात माणसाची आठवण काढते. कौले उतरवावी, फुटकी निवडावी, वाशांना वाळवी लागली आहे काय हे पाहावे, पुन्हा ओळीने लावावी. ही शाकारणी करणारे कोकणातले हात होते तोवर सर्व सुरळीत चालले. पुढे ते हात गिरण्यांत गेले, गिरण्यांतून कोठेच गेले नाहीत, आणि कौलांवरून रात्री मांजरे धावली की सकाळी घरात पाणी, असा क्रम सुरू झाला. लोखंडी पत्रा घालावा तर चौपाटीवरच्या खाऱ्या वाऱ्याने तो काही पावसाळ्यांत चाळणीसारखा होई. अशा वेळी गंजत नाही, जळत नाही, कुजत नाही, वाळवीस आवडत नाही आणि भाडेनियंत्रण कायद्याने गोठवलेल्या भाड्यातही परवडतो, असा पत्रा कोणी दाखविला तर चाळमालकाने त्यात काय मिसळले आहे ह्याची चौकशी करावी, ही अपेक्षा अमानुष ठरेल. चाळमालक तर राहोच, सार्वजनिक बांधकामांचे मोठमोठे अभियंतेही त्याच्या प्रेमात पडले होते.

आता १९९५ हे साल पाहा. त्या साली बृहन्मुंबईची वारसा नियमावली अमलात आली आणि जुन्या परिसरांतील छपरांचा उतार, घडण व बाह्य रूप ह्यांत परवानगीवाचून फेरफार करता येणार नाही, असे ठरले. त्याच साली, २७ जानेवारीस, सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या अर्जावर असा निवाडा दिला की, कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग होय. ॲस्बेस्टॉसच्या कारखानदारांनी प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे, किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षे, ह्यांपैकी जी मुदत लांबची असेल तोवर जतन करावी. आणि बाधितास एक लाख रुपये भरपाई द्यावी. म्हणजे एकाच वर्षात कायद्याने छपराच्या मुखड्याचे रक्षण केले आणि ते छप्पर बनविणाऱ्याच्या फुप्फुसाचेही केले. ह्या दोहोंच्या मध्ये, त्या छपराखाली वर्षानुवर्षे बसून पाढे म्हणणारी पोरे आणि दर मे महिन्यात त्याच्यावर चढून हातोडा मारणारा बिगारी, हे दोन वर्ग तेवढे राहून गेले. कारखान्याच्या फाटकातून पत्रा बाहेर पडला की त्याचे तंतू सुधारतात, असा काही शास्त्रीय शोध त्या सुमारास लागला होता की काय, हे आम्हांस ठाऊक नाही.

शास्त्र म्हणतात ते मात्र हट्टी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निळा, तपकिरी आणि पांढरा ह्यांसह ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार मनुष्यास कर्करोग करणारे म्हणून पहिल्या गटात घातले आहेत. पत्रा अखंड, रंगविलेला, कोणी न छेडलेला असेल तर तो बहुधा स्वस्थ असतो, हे त्याच्या बाजूने मान्य केले पाहिजे. तो कापला, भोसकला, फोडला किंवा पावसाने वर्षानुवर्षे धुऊन त्याचे सिमेंट झिजले, म्हणजे केसाहून कितीतरी पटींनी बारीक असे तंतू हवेत सुटतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत, आणि एकदा फुप्फुसात रुतले की शरीर त्यांस बाहेर काढू शकत नाही. फुप्फुसाच्या आवरणाचा जो असाध्य कर्करोग त्यातून उद्भवतो तो प्रकट होण्यास वीस, तीस, चाळीस वर्षेही लागतात. ही मुदत ऐकून आम्हांस जी आत्मीयता वाटली ती लपवीत नाही. इतक्या वर्षांत अर्ज करणारा मरतो, अर्ज घेणारा निवृत्त होतो, खात्याचे नाव बदलते, कचेरी दुसऱ्या मजल्यावरून पाचव्यावर जाते आणि मूळ कागद वाळवीच्या स्वाधीन होतो. रोगाची चाल आणि आमच्या फायलीची चाल ह्यांत निसर्गाने असे विलक्षण साम्य ठेवले आहे की, ॲस्बेस्टॉस हे खनिज आमच्या प्रशासनासाठीच निर्माण झाले असावे.

तथापि ते आमचे नव्हे. ते इंग्रजांकडून आले, आणि त्याच्या आगमनाची तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. सहकारी चळवळीचे माहेर म्हणून आमच्या गृहनिर्माण संस्थांचे सचिव ज्या रॉचडेल गावाचे नाव भाषणात घेतात, त्याच गावच्या ॲस्बेस्टॉस गिरणीत सूत काढणारी नेली केर्शॉ नावाची स्त्री १९२४ साली तेहतिसाव्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसात सापडलेल्या तंतूंवरून वैद्यकास ॲस्बेस्टोसिस ह्या व्याधीचे पहिले सविस्तर वर्णन मिळाले. तिच्या मालकांनी नुकसानभरपाई मात्र नाकारली, कारण जी व्याधी कायद्याच्या यादीत नाही ती व्याधीच नव्हे. (आमची कारकुनी परंपरा सर्वस्वी स्वदेशी आहे, असे मानणाऱ्यांनी हे पुन्हा वाचावे.) १९३० साली सरकारी चौकशीचा अहवाल आला, १९३१ साली ब्रिटिश सरकारने धुळीबाबत नियम केले, आणि १९३४ साली त्याच रॉचडेलच्या टर्नर अँड न्यूऑल घराण्याने हिंदुस्थानात ‘ॲस्बेस्टॉस सिमेंट’ नावाची कंपनी काढली. मध्य प्रांतातील कैमोरला कारखाना निघाला, पुढे आमच्या मुलुंडलाही निघाला, आणि पत्र्यावर एव्हरेस्टचे नाव झळकू लागले. १९३१ आणि १९३४ ह्या दोन सालांमध्ये काही कार्यकारणभाव आहे, असे सुचविण्याइतके आम्ही कृतघ्न नाही.

स्वराज्यात आम्ही ह्या वारशात आपली भर घातली. हे खनिज भूमीतून उकरणे घातक आहे असे पटल्यामुळे १९८६ पासून खाणींचे नवे पट्टे देणे आणि १९९३ पासून जुने पट्टे वाढवून देणे सरकारने थांबविले. परंतु परक्या भूमीतून उकरलेले खनिज आले तर ते पाहुणे असते आणि पाहुण्यास दारातून परत पाठविण्याची आमची रीत नाही. म्हणून रशिया, कझाकस्तान, ब्राझील येथून ते येते. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली आपल्या देशापुरती त्यावर बंदी घातली, तरी निर्यातीस वाट ठेवली गेली. ह्यावरून त्यांचा आमच्याविषयीचा स्नेह किती निरपेक्ष आहे हे दिसते. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बंदीची मागणी २०११ साली फेटाळली. कॅनडातील ज्या गावाचे नावच ॲस्बेस्टॉस होते त्या गावाने खाण बंद पडल्यावर २०२० साली लोकमत घेऊन आपले नाव बदलले. नामांतर हे कार्य आम्हांसही येते: राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली चर्नी रोड स्थानकाचे गिरगाव करण्यास मंजुरी दिली. फरक इतकाच की, तिकडे आधी खाण बंद झाली.

अशा ह्या पदार्थाचे सुरक्षित व्यवस्थापन प्रत्यक्षात कसे होते, हे गेल्या मे महिन्यात वाडीपासून हाकेच्या अंतरावरील एका सार्वजनिक इमारतीत आम्ही पाहिले. इमारतीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण ती सर्वांची प्रतिनिधी होती. पावसाळ्यापूर्वी पत्रे बदलावयाचे होते. हे पत्रे लाकडी पाटांना आकड्यांनी जखडलेले असतात. आकड्यावर नट, नटाखाली डांबरी वायसर. कित्येक पावसाळे खाल्लेला नट पान्याला दाद देत नाही. त्याला तेल पाजावे, वाट पाहावी, नाही तर हातकरवतीने आकडा कापावा, आणि मग दोघांनी मिळून पत्रा सावकाश खाली द्यावा, हा शिष्टमार्ग. मुकादमाने दोन माणसांची मजुरी वाचविणारा दुसरा मार्ग पत्करला होता. वर बसलेला एक पोरगा, तोंडाला रुमाल, पायात स्लीपर, आकड्याभोवतीची पन्हळ घणाने फोडी आणि तुकडे गल्लीत सोडून देई. प्रत्येक तुकड्यामागे पांढुरकी धूळ उठे, आणि खाली चहाचा पेला हातात असलेले गृहस्थ त्यावर तळहात धरीत. फुप्फुसावर धरण्यास तिसरा हात परमेश्वराने दिलेला नाही. एक बाई खराट्याने ते सारे लोटून सिमेंटच्याच रिकाम्या गोणीत भरीत होती.

आम्ही मुकादमाला म्हटले, “अहो, हे ओले करून उतरवायला पाहिजे. धूळ वाईट असते ह्याची.”

तो म्हणाला, “काका, सिमेंट आहे ते. आमचा बाप हेच करत होता.”

“वडील कसे आहेत?”

“नाहीत. खोकल्यानं गेले.”

हे तो कोणताही संबंध मनात न आणता बोलला आणि विडी पेटविण्यासाठी काडेपेटी शोधू लागला. इतक्यात समोर उभ्या असलेल्या मोटारीचे धनी आले, काचेवर बोट फिरवून त्यांनी ते मुकादमाच्या डोळ्यांसमोर धरले, आणि दोन मिनिटांत पाण्याचा पाइप वर गेला. त्यानंतरचे सर्व पत्रे भारतीय मानकांच्या मार्गदर्शनाप्रमाणे भिजवून उतरविण्यात आले. मानकांस जे साधले नाही ते एका मोटारीच्या रंगाने साधले, ह्याबद्दल आम्ही त्या अनोळखी धन्याचे ऋणी आहोत.

आता समजा, एखाद्या विघ्नसंतोषी नागरिकाने लेखी विचारले की, अमुक इमारतीवरील पत्रा कशाचा आहे. इमारत दुरुस्त करणारे खाते म्हणेल की, पत्रा गळतो किंवा गळत नाही एवढेच आमच्या कक्षेत येते. वारशाचे जतन करणारे म्हणतील की, तो रस्त्यावरून दिसत असेल तरच आमची हरकत. कारखाने तपासणारे विचारतील, येथे यंत्र चालते काय? शाळा असेल तर शाळा कारखाना नव्हे, आणि तेथे तयार होणाऱ्या मालाची तपासणी मार्चमध्ये वेगळे मंडळ करते. कचऱ्याचे खाते सांगेल की, टाकाऊ ॲस्बेस्टॉस हा घातक कचरा असून त्याची जागा तळोज्यासारख्या अधिकृत ठिकाणी; सबब तो साध्या राडारोड्यात टाकू नये; परंतु तो ॲस्बेस्टॉस आहे असे लेखी देणारा कोणी नसल्यामुळे तो साध्या राडारोड्यातच टाकावा. ह्या उत्तरांपैकी एकही उत्तर खोटे नसेल, हे विशेष. प्रत्येक कचेरी आपापल्या हद्दीत निर्दोष राहील आणि पत्रा हद्दींच्या सांध्यावर निवांत बसून राहील. कारण ह्या सर्व शहाण्या माणसांना एक मर्म उमगले आहे: “हा पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे” असे ज्या दिवशी जो कोणी लिहील, त्या दिवसापासून तो पत्रा त्याचा. मग तो पाहावा लागेल, रंगवावा लागेल, त्याच्यात खिळा ठोकू नये अशी पाटी लावावी लागेल, गणपतीच्या मंडपाचे बांबू त्यास बांधणाऱ्यांशी भांडावे लागेल, आणि अखेर तरतूद मागावी लागेल. न लिहिलेल्या पत्र्यासाठी ह्यांतले काहीही करावे लागत नाही.

ज्या इंग्रजांनी हे लचांड आमच्या गळ्यात घातले, त्यांनी स्वतःच्या देशात मात्र हीच लिहिण्याची चूक केली. १९८५ साली निळा व तपकिरी आणि १९९९ साली पांढरा ॲस्बेस्टॉस त्यांनी बंद केला. आणि जो आधीच भिंतींत, छपरांत, नळांभोवती बसलेला होता त्यासाठी २००४ पासून असा दंडक अमलात आणला की, घरगुती नसलेल्या प्रत्येक इमारतीचा ताबा ज्याच्याकडे, त्याने तो कोठे आहे, कोणत्या स्थितीत आहे हे शोधावे, नोंदवहीत मांडावे, वेळोवेळी पाहावे, आणि भोक पाडण्यास येणाऱ्या सुताराच्या वा वायरमनच्या हाती ती नोंद आधी द्यावी. सगळा पत्रा उपटून फेकावा असे त्यांनी म्हटले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. चांगल्या स्थितीतील वस्तू सीलबंद करून जागच्या जागी ठेवणे पुष्कळदा अधिक शहाणपणाचे असते. म्हणजे खर्च आहे तो मुख्यतः एका वहीचा, आणि ती वही उघडणाऱ्या एका धैर्यवान मनुष्याचा.

ब्रुसेल्सला युरोपीय आयोगाचे मुख्यालय असलेली बेर्लेमाँ नावाची भव्य इमारत ह्याच कारणास्तव १९९१ साली रिकामी केली आणि साफसफाई व नूतनीकरण आटोपून २००४ साली पुन्हा उघडली. तेरा वर्षे! युरोपात ह्या दिरंगाईची फार टवाळी झाली म्हणतात. गिरगावातून संक्रमण शिबिरात गेलेल्या आणि तेथे नातवंडांच्या मुंजी केलेल्या आमच्या एका स्नेह्यांना आम्ही हा प्रसंग सांगितला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून एवढेच विचारले, “म्हणजे, ते परत आले?”

दूर ब्रुसेल्सला कशाला, केरळात तेथील राज्य मानवी हक्क आयोगाने २००९ सालीच शाळांवरील ॲस्बेस्टॉसची छपरे उतरविण्याची शिफारस केली. केरळात साक्षरता अधिक असल्याचा हा दुष्परिणाम असावा. लिहिता येणारे लोक लिहून बसतात.

तेव्हा महानगरपालिकेच्या व शासनाच्या विचारार्थ आम्ही एक योजना नम्रपणे सादर करतो. नियम, मानके, निवाडे ह्यांनी पत्रा अखंड उतरत नाही, हे आपण पाहिले. परंतु त्याच इमारतीवर, काम संपता संपता, मुकादमाने स्वतः वर चढून चार पत्रे नटांना तेल पाजून, आकडे कापून, तान्ह्या मुलाच्या काळजीने खाली घेतलेले आम्ही पाहिले. कारण विचारता तो म्हणाला, “हे चांगले आहेत. अख्ख्याला गिऱ्हाईक असतं.” म्हणजे मानखुर्दच्या किंवा आणखी कोठल्या झोपडीवर ते पुन्हा चढणार होते. सुरक्षित हाताळणीचे संपूर्ण शास्त्र त्या माणसास अवगत होते. त्याला फक्त भाव हवा होता. म्हणून सरकारने अखंड, ओला आणि प्लास्टिकच्या जाड दुहेरी आवरणात गुंडाळलेला प्रत्येक जुना पत्रा झोपडीच्या गिऱ्हाइकाहून चार पैसे अधिक देऊन स्वतःच विकत घ्यावा आणि परस्पर तळोज्यास पोहोचवावा. फुटक्यास छदामही देऊ नये. सहा महिन्यांत मुंबईतील प्रत्येक बिगारी ह्या विषयातला तज्ज्ञ होईल, आणि त्याला प्रशिक्षण देण्यासाठी नेमावयाची अभ्याससमिती व तिचा ब्रुसेल्सचा दौरा, दोन्ही वाचतील. समितीचे भावी सदस्य ह्या कारणास्तव योजनेस विरोध करतील, ह्याची आम्हांस जाणीव आहे.

हिशेबतपासनीस खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी मात्र ह्यावर रास्त आक्षेप घेतला. पत्र्याला भाव आला, ते म्हणाले, तर शाळा, दवाखाने, बाजार ह्यांची छपरे रातोरात चोरीस जातील. जातील, आम्ही ते गृहीतच धरले आहे. छप्पर चोरीस गेले की मुख्याध्यापकाला पोलीसचौकीत जाऊन फिर्याद द्यावी लागेल, हवालदाराला जागेवर येऊन पंचनामा करावा लागेल, आणि चोरीच्या मालाचे वर्णन ह्या रकान्यात, दोन पंचांच्या सहीनिशी, पत्रा किती लांबीचा होता, किती जुना होता आणि कशाचा होता, हे एकदाचे लिहावेच लागेल.